क्लायंटच्या मौनाचे मोजमाप

घरून काम करणारा एखादा अनुवादक व्हिडिओ कॉलवर परदेशातील क्लायंटला आपला दर सांगतो, "चालेल ना?" असे विचारतो, आणि पलीकडून क्षणभर काहीच ऐकू येत नाही. तेवढ्या वेळात मन नाना शंका काढते, आणि पुष्कळदा आपणच घाईने "थोडे कमी करता येईल" असे बोलून बसतो. प्रत्यक्षात ते मौन क्लायंटचे नसून वाटेतल्या तारांचे असण्याचा संभव बराच असतो.

समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांतील अंतर आश्चर्य वाटावे इतके कमी असते. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात 10 भाषांमधील हो-नाही प्रश्नोत्तरे तपासली, तेव्हा हे अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, असल्याचे दिसले. जपानी भाषक सर्वांत जलद होते आणि डॅनिश सर्वांत सावकाश, तरी दोघांतील फरक अर्ध्या सेकंदाहून कमीच भरला. एखादे चित्र पाहून त्याचे नाव उच्चारायलाही माणसाला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. अर्थात प्रश्न संपण्याआधीच आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो. म्हणूनच अर्ध्यापाऊण सेकंदाचा खंड आपल्याला लगेच खटकतो, आणि त्यातून नकाराची किंवा नाराजीची चाहूल लागल्यासारखे वाटते.

आता तारांचा हिशेब पाहू. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर साधारण 12,500 किलोमीटर धरले, तरी एका बाजूच्या प्रवासाला 60 हून अधिक मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. त्यात आवाजाचे अंकीय रूपांतर, मागेपुढे पोहोचणारे तुकडे ओळीने लावण्यासाठी केलेली थोडी साठवण, घरातले वाय-फाय आणि ब्लूटूथ हेडफोन यांची भर पडते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असेल, तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही. तो 300 झाला असे समजा. क्लायंटने प्रश्न ऐकल्यावर नेहमीच्या 200 मिलिसेकंदांत उत्तर दिले, तरी प्रश्न जाण्याचे 300 आणि उत्तर येण्याचे 300 मिळवून आपल्याला ते 800 मिलिसेकंदांनी ऐकू येते. गंमत अशी, की आपले उत्तर उशिरा पोहोचले हे क्लायंटच्या गावीही नसते.

बर्लिनमधील संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिले, की अशा विलंबाचे खापर लोक यंत्रणेवर न फोडता समोरच्या माणसाच्या स्वभावावर फोडतात. तो कमी लक्ष देणारा वाटू लागतो. हाच ग्रह क्लायंट आपल्याविषयीही करून घेत असणार.

आपली "हं", "बरं", "अच्छा" म्हणत ऐकण्याची सवयही येथे आड येते. समोर बसलेल्याला हा हुंकार वाक्याच्या फटीत नेमका ऐकू येतो. कॉलवर तो उशिरा पोहोचून पुढच्या वाक्यावर आदळतो, आणि क्लायंट बोलायचे थांबतो. मान डोलावलेली पुरते. महत्त्वाच्या कॉलला तारेचे हेडफोन आणि शक्य असल्यास तारेचेच इंटरनेट वापरावे, आणि प्रश्न विचारल्यावर मनात दोन आकडे मोजेपर्यंत तोंड बंद ठेवावे. मला यातले शेवटचेच सर्वांत अवघड वाटते.

म्हणून सगळे ईमेलवरच उरकावे, असेही नाही. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांच्या 2005 मधील प्रयोगात लिहिणाऱ्यांना वाटत होते, की आपला उपरोध की गांभीर्य हे वाचणाऱ्याला सुमारे 78 टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात ईमेलमधून ते 56 टक्केच वेळा कळले, म्हणजे नाणे उडवून ठरवण्यापेक्षा थोडेसेच बरे. तेव्हा दर, मुदत आणि दुरुस्त्यांची संख्या कॉलनंतर लेखी कळवावी, पण थकलेल्या बिलाची आठवण करून देताना विनोद करू नये.