ड्रोनचा रेडिओ नियंत्रण पल्ला

छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या लहान ड्रोनशी जमिनीवरील ट्रान्समीटरचा संपर्क ज्या अंतरापर्यंत भरवशाने टिकतो, त्या अंतरास नियंत्रण पल्ला म्हणतात. अशी बहुतेक साधने २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतात.

या गजबजलेल्या पट्ट्यात संपर्क टिकण्यास कंप्रता-उडी (फ्रीक्वेन्सी हॉपिंग) पद्धतीचा मोठा आधार असतो. तीत दोन्ही टोके ठरलेल्या क्रमाने एकाच वेळी कंप्रता बदलत राहतात. या पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. अभिनेत्री हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना दूरनियंत्रित पाणतीरासाठी ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या म्हणजे ८८ कंप्रता योजल्या होत्या आणि लोकप्रिय लेखनात हाच आरंभ मानला जातो. तथापि १८९८ मध्ये रेडिओ-नियंत्रित नौका दाखवणारे निकोला टेस्ला यांच्या १९०३ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटांत एकाहून अधिक कंप्रता वापरून व्यत्यय टाळण्याची कल्पना आढळते, तर योनाथन त्सेनेक यांनी १९०८ च्या सुमारास टेलेफुंकेन कंपनीच्या तत्सम प्रयोगांचा उल्लेख केला आहे. त्यामुळे लमार-अँथाइल यांना मूळ कल्पनेपेक्षा दोन टोकांचा क्रम जुळता राखण्याच्या यंत्रणेचे श्रेय देणे अधिक ग्राह्य वाटते.

मोकळ्या अवकाशात पल्ला दुप्पट करण्यास ६ डेसिबेल, म्हणजे चौपट शक्ती लागते. भारतात २००५ च्या अधिसूचनेनुसार या पट्ट्यात विनापरवाना वापरासाठी १ वॅटची मर्यादा असल्याने हा मार्ग लवकर संपतो. खरी वाढ अँटेनाच्या मांडणीतून मिळते. तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी. असल्याने ड्रोनवरील ग्राहीच्या (रिसीव्हरच्या) बारीक तारेचे टोकाचे उघडे ३१ मिमी. एवढेच कार्य करतात. तो भाग कार्बन तंतूच्या सांगाड्याला किंवा बॅटरीला चिकटवणे, ही वारंवार होणारी आणि सहज टाळता येणारी चूक आहे. ट्रान्समीटरच्या दांड्याचे टोक ड्रोनकडे रोखू नये, कारण त्या दिशेने प्रारण नगण्य असते. दोन अँटेना असल्यास त्या परस्परांशी काटकोनात ठेवाव्यात. एक्स्प्रेसएलआरएस या मुक्तस्रोत प्रणालीत संदेशांचा वेग सेकंदाला ५०० वरून ५० वर आणल्यास ग्राहीची संवेदनशीलता सुमारे १० डेसिबेलने, आणि पल्ला तत्त्वतः तिपटीने वाढतो.

कोल्हापूर परिसरात भूरचनेचा विचार अधिक करावा लागतो. १ किमी. अंतराच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दोन टोकांमधील सरळ रेषेभोवती संकेतासाठी मोकळ्या लागणाऱ्या लंबगोल भागाची, त्रिज्या सुमारे ५.६ मी. भरते. त्यामुळे पंचगंगाकाठच्या वाढलेल्या, ओल्या उसावरून कमी उंचीवर उडणाऱ्या ड्रोनचा संकेत नजरेसमोर असतानाही क्षीण होतो. अशा ठिकाणी शेतात न थांबता उंच बांधावर उभे राहणे उपयुक्त ठरते. पन्हाळा-जोतिबा भागात डोंगराची सोंड आड आल्यास शक्ती वाढवून उपयोग होत नाही. ड्रोन नियम, २०२१ अन्वये उजळाईवाडी विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किमी. अंतरावर हरित क्षेत्राची (पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येणाऱ्या क्षेत्राची) उंची २०० फुटांपर्यंतच आहे.