ट्रकला बोअरचं पाणी चालत नाही

"गाडी वढंना बघा मिस्त्री." एवढंच बोलून ड्रायव्हरकाका सर्व्हिस बेच्या सावलीत टेकले. मे महिन्यातली दुपार, बाहेर सोलापूरचं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. सिमेंटच्या गोण्या उतरवून आलेला त्यांचा दहा चाकी ट्रक दारात घुरघुरत उभा होता. तुळजापूरचा घाट त्याने कसाबसा चढला होता आणि डॅशबोर्डवर तीन दिवसांपासून पिवळा दिवा लागलेला होता.

ट्रकच्या डीलरकडे मेकॅनिकचं काम करताना ही तक्रार रोज कानावर पडते. पुणे-हैदराबाद रस्ता आणि धुळ्याहून विजापूरकडे जाणारा रस्ता सोलापुरातच एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरच्या गाड्या आमच्याकडे येतात. जुन्या गाड्यांचं निम्मं निदान धुरावरून व्हायचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर ऑईल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय, नाहीतर हेड गॅसकेटमधून पाणी शिरतंय. या गाडीला कुठल्याच रंगाचा धूर नव्हता. एअर फिल्टर स्वच्छ, टर्बोचे पाईप शाबूत, डिझेलचा दाब बरोबर. इंजिन ठणठणीत होतं. गाडीच्या कॉम्प्युटरने त्याची ताकद मुद्दाम कमी करून ठेवली होती.

असं का, हे समजायला आधी डिझेल इंजिन कसं पेटतं ते पाहावं लागेल. पेट्रोल इंजिनासारखा यात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या साधारण सोळाव्या-सतराव्या भागात दाबतो. सायकलचा पंप जोरात मारला की खालून गरम होतो, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर घडतं. हवा पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्गमध्ये हे इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के कामी आली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही मोठी झेप होती. आजची ट्रकची इंजिनं चाळीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत.

इंधन जितकं तापून जळेल तितकं ते पूर्ण जळतं, काजळी कमी होते, मायलेज वाढतं. पण हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. एरवी हा वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण दोन हजार अंशांच्या आसपासच्या ज्वाळेत तोही ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. आम्ही त्यांना नॉक्स म्हणतो. नॉक्स डोळ्यांना दिसत नाही, पण फुप्फुसांना बाधतं आणि उन्हात त्यापासून ओझोन तयार होतो. ज्वाळा थंड ठेवावी तर काजळी वाढते, गरम ठेवावी तर नॉक्स वाढतं. या पेचातून नुसतं इंजिन सुधारून सुटता येत नाही. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुरासाठीचे नवे कडक नियम, लागू झाले आणि अवजड गाड्यांच्या नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून थेट ०.४ ग्रॅमच्या घरात आली. मग इंजिनाच्या मागे, सायलेन्सरमध्ये, एक छोटा रासायनिक कारखानाच बसवावा लागला.

त्या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे डीईएफ, डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. ड्रायव्हर त्याला सरळ 'युरिया' म्हणतात. त्यात वजनाने ३२.५ टक्के युरिया असतो आणि बाकी सगळं क्षार काढलेलं शुद्ध पाणी. हे प्रमाण नेमकं यासाठी की ते उणे ११ अंशांपर्यंत गोठत नाही आणि गोठलं तरी पाणी व युरिया वेगळे होत नाहीत. सोलापुरात गोठण्याचा प्रश्नच नाही, पण इथली डाळिंबं घेऊन थंडीत उत्तरेला जाणाऱ्या गाडीला ते लागतं. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार-पाच लिटर डीईएफ खर्च होतं. तापलेल्या धुरात त्याचा फवारा उडतो, युरियातून अमोनिया सुटतो आणि पुढे चिनी मातीसारख्या जाळीदार ठोकळ्यात अमोनिया व नॉक्स एकत्र येतात. बाहेर पडतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. ज्या नायट्रोजनला इंजिनाने बिघडवलं, त्याला मागच्या दाराने पुन्हा होता तसा करून सोडायचं. इतकी वर्षं या कामात काढली, तरी मला याचं अजून अप्रूप वाटतं.

ठोकळ्याच्या आधी आणि नंतर एकेक नॉक्स सेन्सर असतो. दोन्हींची तुलना करून नॉक्स किती घटलं हे कॉम्प्युटर पाहत राहतो. ते घटत नसेल तर आधी पिवळा दिवा लागतो, मग ताकद साधारण पाव हिश्शाने उतरते आणि तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी ताशी २० किलोमीटरच्या पुढे जात नाही. काकांची गाडी दुसऱ्या पायरीवर होती. स्कॅनर लावला तर दोन्ही सेन्सरचे आकडे जवळजवळ सारखेच. म्हणजे कारखाना बंद पडला होता.

डीईएफची टाकी उघडली. त्यातला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून उजेडाकडे धरला. वीतभर लांबीचं हे यंत्र प्रकाश किती वाकतो यावरून युरियाचं प्रमाण सांगतं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा साडेबत्तीसच्या अगदी जवळ होती. शिकाऊ पोराने लगेच 'डीईएफ ओके' लिहायला घेतलं. मी त्याला थांबवलं. हे यंत्र पाण्यात युरिया किती आहे तेवढंच सांगतं. तो युरिया कुठला आणि पाणी कुठलं, हे त्याला कळत नाही. काचेच्या बाटलीत नमुना घेतला तर तो किंचित गढूळ होता आणि वर तेलाचा पातळ तवंग होता. बूच काढून वास घेतला, कडुनिंबाचा.

काकांना विचारल्यावर त्यांनी काहीच लपवलं नाही. मालकाची उसाची शेती आहे. शेतातल्या युरियाची गोणी, वजनकाटा आणि विहिरीजवळची बोअर, असं सगळं घरचंच. "युरिया म्हंजी युरियाच की ओ," काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, रेणू खरोखरच तोच असतो. पण २०१५पासून देशात शेतीचा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकला जातो. या लेपामुळे त्यातला नायट्रोजन पिकाला हळूहळू मिळतो आणि तो कारखान्यांकडे वळवणंही अवघड होतं. अनुदानाचं खत असं दुसरीकडे वापरणं कायद्यानेही गुन्हा आहे. पिकाला वरदान असलेलं ते तेल डीईएफच्या बारीक फिल्टरला आणि नोझलला चिकटतं.

खरा दगा मात्र पाण्याने दिला होता. आपल्या भागातलं बोअरचं पाणी कसं असतं, हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही विचारा. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं. ते कवच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं. डीईएफच्या मानकात एका किलोत कॅल्शियम जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम चालतं. जड पाण्यात ते याच्या शंभर-दोनशे पट सहज असतं. पाणी उडून गेलं तरी कॅल्शियम मागे राहतं. अमोनियाला ठोकळ्यातल्या ज्या जागी बसून काम करायचं असतं, तीच जागा ते अडवून बसतं.

फवाऱ्याचं नोझल खोललं तर तोंडावर हरभऱ्याएवढा पांढरा खडा. मी तो कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकला. नुसता युरियाचा स्फटिक असता तर मिनिटा-दोन मिनिटांत विरघळला असता. हा निम्मा विरघळला आणि खाली चुऱ्यासारखा गाळ उरला. तो धुऊन घेतला, कँटीनमधून सरबताच्या लिंबाची फोड मागवली आणि वर दोन थेंब पिळले. गाळ फसफसला. आम्लामुळे त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटत होते. म्हणजे गाळात चुन्याचा कार्बोनेट होता, गीझरच्या कवचात असतो तोच. शिकाऊ पोरगं आणि काका दोघेही वाकून बघत होते. स्कॅनरच्या दहा कोडनी जे त्यांच्या गळी उतरलं नसतं, ते लिंबाच्या दोन थेंबांनी उतरवलं.

सगळेच पांढरे खडे पाण्याचे नसतात, हेही सांगायला हवं. धूर दोनशे अंशांच्या खाली असला की चांगल्या डीईएफमधलाही युरिया अर्धवट फुटतो आणि दगडासारखा जमतो. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रांगेत तास-तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे आम्हाला दिसतं. दुसरी सवय मेन स्विचची. गाडी बंद केल्यावर मागे घुर्रर्र असा बारीक आवाज येतो. तो पंप नळ्यांतलं डीईएफ टाकीत परत ओढत असतो. बॅटरी वाचवायची म्हणून ड्रायव्हर लगेच मेन स्विच पाडतात, पंप मध्येच थांबतो, नळीत राहिलेलं डीईएफ सुकतं आणि तिथेच स्फटिक धरतो. दोन मिनिटं थांबलं तरी पुरे. आणि आपला उन्हाळा तर आहेच. तीस अंशांत वर्षभर टिकणारं डीईएफ पस्तीस अंशांत सहाच महिने टिकतं. त्याहून तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये मार्चपासून ठेवलेली बादली जूनमध्ये वापरू नका, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

काकांच्या गाडीची टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलला, नोझल साफ केलं, शुद्ध डीईएफ भरलं. मग गाडी उभी ठेवूनच कॉम्प्युटरकरवी सायलेन्सर तापवला, म्हणजे आत जमलेला युरिया फुटून निघून जाईल. संध्याकाळी मागच्या सेन्सरचा आकडा उतरायला लागला आणि दिवा गेला. तरी जॉब कार्डावर मी स्पष्ट लिहिलं, 'ठोकळ्यात बसलेलं कॅल्शियम तापवून जात नाही. आकडा पुन्हा चढला तर ठोकळा बदलावा लागेल.' तो खर्च लाखात जातो, मालकाला ते आधीच कळलेलं बरं.

काका बराच वेळ त्या लिंबाच्या फोडीकडे बघत होते. मग म्हणाले, "मिस्त्री, रेडिएटरात बी आमी तेच पाणी घालतोय." इंजिन थंड झाल्यावर मी झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. बोटाला कूलंटचा रंग लागला नाही, पांढरी पूड लागली. पोराला म्हटलं, दुसरं जॉब कार्ड काढ.