पार्श्वभूमी : गझेलचं साल नक्की कोणतं?

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत ‘१९२९ ची मर्सिडीज’ आजही काही हजार डॉलरना दिसते. तिचा मूळ नमुना म्हणजे मर्सिडीजची एसएसके ही स्पोर्ट्‌स गाडी. खऱ्या एसएसके चाळीसही बनल्या नव्हत्या आणि आज त्यांच्या किमती लाखो डॉलरच्या घरात आहेत. त्यामुळे ही गाडी कुठली, ते जाणकाराला फोटो पाहताच कळतं. वर फायबरग्लासची बॉडी, बाजूने लोंबणाऱ्या चकचकीत नळ्या, खाली फोक्सवॅगन बीटल किंवा फोर्ड पिंटोची यंत्रणा. नाव गझेल. बनवणारी फ्लोरिडाची कंपनी केव्हाच संपली. मालकांपुढे मात्र एक प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि तो सुट्या भागांचा नाही, कागदाचा आहे.

किट कारची, म्हणजे सामानाचा संच विकत घेऊन स्वतः जोडायच्या गाडीची, सुरुवात इथे थोडक्यातच. बीटलची बॉडी बोल्ट काढले की प्लॅटफॉर्मपासून सुटी होते आणि उरलेला सांगाडा चालू शकतो. कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये आलेल्या मॅन्क्स बगी या फायबर बॉडीच्या उघड्या गाडीने या सोयीवर धंदा उभा केला. तिची नक्कल करणारे इतके झाले की मूळ कर्ता पेटंटसाठी कोर्टात गेला आणि हरला. तिथून पुढे फायबरचा साचा असेल तो कारखानदार, अशी अवस्था आली. मिनेसोटातली एक मोठी किट कंपनी १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली, तो पहिला ठळक इशारा होता. फारसा कुणी ऐकला नाही.

गझेलवाली कंपनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. विक्री प्रामुख्याने जाहिराती आणि फोनवरून. १९९४ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या महाधिवक्त्यांनी नऊशेहून अधिक ग्राहकांच्या वतीने तिच्यावर दावा लावला. पुढे कंपनीने ‘वायर फ्रॉड’चा, म्हणजे फोन किंवा तारेच्या माध्यमातून फसवणुकीचा, गुन्हा कबूल केला आणि भरपाईची रक्कम २५ लाख डॉलर ठरली. नऊशे लोकांत वाटली तर माणशी तीन हजारही येत नाहीत. त्यानंतर तेच साचे नव्या नावांनी बाजारात आले आणि २०१० च्या सुमारास तेही दुकान बंद झालं. ‘कंपनी बुडाली’ हे वाक्य इथे जपून वापरायला हवं, कारण बुडण्याआधी तिने पाटी बदलली होती.

किट बनवणारा दिवाळखोरीत गेला आणि इसार देऊन बसलेला ग्राहक रांगेत उभा राहिला, तर त्याचं काय होतं? १९७८ च्या अमेरिकी दिवाळखोरी कायद्याने घरगुती ग्राहकाच्या इसाराला अग्रक्रम दिला खरा, पण फक्त ९०० डॉलरपर्यंत. १९९४ मध्ये ही मर्यादा १,८०० झाली. किटची किंमत हजारांत होती. वरची रक्कम तारण नसलेल्या इतर धनकोंच्या गठ्ठ्यात जाई, आणि तिथे सहसा धूळच उरते.

आता सालाचा गुंता. किट विकणारा गाडी विकत नसतो, सामान विकत असतो. गाडी बनवतो तो गॅरेजात पाना घेऊन बसलेला मालक. कायद्याच्या डोळ्यांनी उत्पादक तोच. मग टायटलवर, म्हणजे आपल्या आरसी बुकाच्या तिकडच्या भावंडावर, कोणतं साल लिहायचं? बीटलवर बांधलेली गझेल त्यातल्या त्यात सोपी. चेसी क्रमांक मागच्या सीटखालच्या बोगद्यावर, म्हणजे सांगाड्याच्या मधल्या उंचवट्यावर, ठोकलेला असतो आणि जुनं टायटल त्याच्यामागे चालत येतं. कागदावर ती ‘१९७१ ची फोक्सवॅगन’. दिसायला विचित्र, पण खरं.

पुढे इंजिन असलेल्या, म्हणजे पिंटोवाल्या, गझेलची गोष्ट वेगळी. तिची चौकट कंपनीने स्वतः बनवून दिलेली. फोर्डकडून इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन एवढंच आलं. जिच्यातून हे काढलं तिला डोनर गाडी म्हणतात. डोनरचं टायटल या चौकटीला लावता येत नाही, कारण पिंटोचा सांगाडा तर भंगारात गेला. इथे लागतो कंपनीचा उगमदाखला, चौकटीचा जन्मदाखलाच म्हणा. तो हरवला आणि कंपनी उरली नसेल, तर दुसरी प्रत द्यायला कुणीच नाही. टेक्साससारख्या राज्यात मग गाडीच्या दीडपट किमतीचा बाँड, म्हणजे हमीपत्र, भरून टायटल मिळतं आणि तीन वर्षं कुणी हक्क सांगितला नाही तर प्रकरण मिटतं. पूर्वी काही मालकांनी हा सगळा द्राविडी प्राणायाम टाळून सरळ ‘१९२९ मर्सिडीज’ लिहून घेतलं. ते खोटंच होतं, पण त्यात त्यांचा दोष कितपत, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. खिडकीवरच्या कारकुनाकडे दुसरा रकानाच नसेल तर माणूस काय करणार?

कॅलिफोर्नियाने यावर २००१ मध्ये कायदा केला. स्वतः बांधलेल्या गाड्यांपैकी वर्षाला ५०० गाड्यांना प्रदूषण तपासणीत खास सवलत. गाडी ज्या जुन्या मॉडेलसारखी दिसते त्याचं साल धरायचं की इंजिनाचं, हे मालकाने निवडायचं. आणि ती कशासारखीच दिसत नसेल तर १९६० धरायचं. प्रदूषणाच्या कायद्याने गाडीचं वय चेहऱ्यावरून ठरवावं, यावर पर्यावरणवाले चिडले तर ते रास्तच. पण घरगुती बांधणाऱ्यांना आजवर मिळालेली सगळ्यात स्वच्छ वाटही तीच. जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी कार्यालयांबाहेर रांगा लागत, त्या उगाच नाही.

२०१५ चा अमेरिकी संघराज्याचा कायदा अनेकदा याच ओघात सांगितला जातो, पण तो किटसाठी नाही. किमान २५ वर्षं जुन्या गाडीची पूर्ण बांधलेली प्रतिकृती वर्षाला ३२५ पर्यंत विकण्याची मुभा छोट्या उत्पादकांना त्याने दिली. नियम यायलाच पुढची पाच-सहा वर्षं गेली. गॅरेजात अर्धवट पडलेल्या गझेलला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की २०२० च्या अखेरीस मुंबईत गाजलेलं स्पोर्ट्‌स कारचं प्रकरण हमखास आठवतं. त्याची गल्लत नको. ती किट नव्हती, तयार गाडी होती, आणि पोलिसांचा आरोप एकाच चेसी क्रमांकावर दोन राज्यांत नोंद झाल्याचा होता. गझेलचं दुखणं नेमकं उलटं, एका गाडीला दोन जन्मवर्षं. शिवाय भारतात किट कार असा रकाना आरटीओकडे नाहीच, आणि मूळ रचनेत केलेल्या बदलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घेतलेली कडक भूमिका पाहता तो लवकर येईल असंही दिसत नाही.

सुट्या भागांचं रडगाणं त्या मानाने छोटं. बीटलचं उत्पादन मेक्सिकोत २००३ पर्यंत चालू होतं, पिंटो १९८० मध्ये थांबली तरी तिचं इंजिन फोर्डने पुढे इतर गाड्यांत वापरलं. अडतं ते कंपनीने स्वतः ओतलेल्या सामानापाशी : दारांच्या बिजागऱ्या, मडगार्ड, कापडी टपाचे सांगाडे. ते मालक एकमेकांच्या मोडक्या गाड्यांतून काढून घेतात. वापरलेली गझेल विकत घेणारा जुना माणूस म्हणूनच बॉनेट उघडत नाही. आधी मागची सीट उचलतो आणि बोगद्यावरचा क्रमांक टायटलशी ताडून पाहतो. तिथे काही नसेल, तर उगमदाखला मागतो.