इंग्रजी शब्दांची गल्लत (बडोद्याच्या मराठीतील)

ऐकायला किंवा लिहायला सारखे वाटणारे इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी वापरणे, आणि मराठी वाक्याची घडण तशीच इंग्रजीत उतरवणे. दोन्ही सवयी पुण्या-मुंबईतही आहेत. बडोद्यात त्यांत गुजरातीची भर पडते. गायकवाडांच्या राज्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत रुजलेल्या मराठी घरांत बोलायला मराठी, बाजारात गुजराती आणि कॉलेजात इंग्रजी अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. इंग्रजी इथे नवी नाही. बडोदा कॉलेज 1881 चे. 1893 ते 1906 या काळात बडोद्यात असलेले अरविंद घोष त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि पुढे तिथेच व्हाइस प्रिन्सिपल झाले. लहानपणापासून इंग्लंडात वाढलेले हे प्राध्यापक मराठी आणि गुजराती मात्र बडोद्यात आल्यावर शिकले.

गल्लतीचे पहिले कारण लिपीत सापडते. ‘बॅट’ आणि ‘बेट’, ‘हॉल’ आणि ‘होल’ वेगळे राहावेत म्हणून मराठीने अर्धचंद्र स्वीकारला. आखूड ‘ए’ आणि लांबवलेला ‘एइ’ यांच्यासाठी मात्र वेगळी खूण केलीच नाही. परिणामी लिहायचे ‘पेन’ आणि दुखणारे ‘पेन’ एकच झाले. ‘सेल’ हा एकच शब्द दुकानातली सवलतीची विक्री, घड्याळातली बॅटरी, तुरुंगातली कोठडी आणि विकण्याची क्रिया असा चौघांचा भार वाहतो. ‘वेस्ट’मध्ये पश्चिम दिशा, कंबर आणि वाया जाणे एकत्र नांदतात. बनियनही त्यांच्यात येऊन बसतो, कारण मराठी जिथे ‘व्ह’ लिहिते तिथे गुजराती नुसत्या ‘व’वर भागवते. घरच्या मराठी पत्रिकेतला ‘व्हिडिओ’ रस्त्यावरच्या गुजराती पाटीवर ‘विडियो’ होतो, आणि दोन्ही रोज वाचणाऱ्या मुलाला इंग्रजीत हे दोन वेगळे ध्वनी आहेत याचा पत्ता उशिरा लागतो. गुजराती शेजारी नाश्त्याला ‘स्नेक्स’ म्हणतात म्हणून हसणारे मराठी लोक भाजीची ‘टेस्ट’ छान आहे असे बिनदिक्कत सांगतात. इंग्रजाच्या कानाला ती भाजीची परीक्षा वाटेल.

दुसरा प्रकार स्पेलिंगचा. इथे उच्चार इंग्रजांचाही एकच असतो, त्यामुळे चूक फक्त कागदावर दिसते. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ए-एल असले तर प्राचार्य किंवा मुख्य, एल-ई असले तर तत्त्व. रजेचा अर्ज तत्त्वाला उद्देशून लिहिण्याची परंपरा त्यामुळेच अखंड आहे. ‘स्टेशनरी’ची गोष्ट अधिक रंजक आहे. शेवटच्या ‘आर-वाय’च्या आधी ई असली तर वह्या-पेन्सिली, ए असला तर एका जागी स्थिर. दोन्हींचे मूळ एकच. युरोपात मध्ययुगात गावोगाव हिंडणाऱ्या फेरीवाल्यांहून वेगळा, एका जागी ठाण मांडून बसलेला पुस्तकविक्रेता तो ‘स्टेशनर’, आणि त्याचा माल तो स्टेशनरी. म्हणजे कागद विकणारा आधी स्थिर होता, मग स्पेलिंगने त्याची वाटणी केली. ‘लूज’ही स्पेलिंगचाच, पण इथे इंग्रजांचा उच्चारही वेगळा. हरवण्याच्या क्रियेत ओ एकच आणि शेवटचा उच्चार ‘झ’चा; सैल असण्यात ओ दोन आणि उच्चार ‘स’चा. मराठीने सैलपणाला ‘ज’ देऊन दोघांना एकाच तराजूत बसवले.

व्याकरणाच्या चुका या खरे तर भाषांतराच्या चुका आहेत. मराठीत दारही बंद करतात आणि दिवाही, गुजरातीतही तसेच. म्हणून बडोद्यात लाइट ‘क्लोज’ होते. पैसे उसने देणे आणि उसने घेणे यांत ‘उसने’ तेच राहते, फक्त क्रियापद बदलते. इंग्रजीत देणाऱ्याचे ‘लेंड’ आणि घेणाऱ्याचे ‘बॉरो’. ‘कॅन यू बॉरो मी फिफ्टी रुपीज’ या वाक्यात म्हणूनच कोण कोणाला बुडवणार ते कळत नाही. लग्न कोणाशी तरी होते, त्या ‘-शी’मुळे ‘मॅरीड’ला ‘विथ’ चिकटते, जिथे इंग्रजीला ‘टू’ हवे. चर्चा एखाद्या गोष्टीबद्दल होते, त्या ‘बद्दल’मुळे ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येते, जे इंग्रजीला नकोच असते. ‘आज सकाळी’चे ‘टुडे मॉर्निंग’ होते आणि ‘धिस’ बाजूला पडते.

सगळ्यांनाच चुका म्हणणे मात्र अन्यायाचे. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) भारतात रुळला आणि आता इंग्रजांच्या शब्दकोशांतही आहे. ‘कजिन ब्रदर’वर शिक्षक लाल रेघ मारतात, कारण इंग्रजीत ‘कजिन’ पुरेसा. पण तो मुलगा की मुलगी हे ‘कजिन’ सांगत नाही. मामेभाऊ, आतेबहीण, चुलतभाऊ, मावसबहीण असे वेगवेगळे शब्द असलेल्या घरात ‘ब्रदर’ जोडणारा निदान एवढे तरी स्पष्ट करतो. मामाचा की आत्याचा, हे तरीही विचारावेच लागते.