कोबीचं पाणी लाल झालं, म्हणजे काय झालं?

‘ज्यांना साधा हिशेब जमत नाही, त्यांना रसायनशास्त्र कशाला?’ बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आवर्तसारणी असते. माझ्या डोळ्यांपुढे संडास साफ करायच्या आम्लाची बाटली येते आणि तिला खेटून ठेवलेली ब्लीचची. ही दोन एकत्र झाली की फुप्फुसं पोळणारा क्लोरीन वायू सुटतो. उद्या स्वतःचं घर स्वतः आवरणाऱ्या माणसाला आम्ल ओळखता यायला नको?

अडचण आहे, पण ती वेगळ्याच ठिकाणी. रसायनशास्त्र कसं शिकवावं याचा अभ्यास करणारे ग्लासगोचे अॅलेक्स जॉनस्टन यांनी १९८२ साली ती दाखवून दिली. रसायनशास्त्राचा शिक्षक एकाच दमात तीन पातळ्यांवर बोलतो: दिसणारा पदार्थ, न दिसणारे रेणू आणि फळ्यावरची चिन्हं. आपण उड्या मारतोय हे त्याच्या गावीही नसतं. कार्यस्मृतीत, म्हणजे काम करताना डोक्यात तात्पुरतं धरून ठेवतो त्या स्मृतीत, एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी मावतात. बौद्धिक अक्षमतेत बहुधा त्याहूनही कमी. डाऊन सिंड्रोममध्ये तर ऐकलेलं लक्षात धरणं पाहिलेल्यापेक्षा जड जातं. तेव्हा बोलायचं कमी, दाखवायचं जास्त आणि मुक्काम पहिल्याच पातळीवर ठोकायचा.

त्यासाठी जांभळ्या कोबीसारखी दुसरी वस्तू नाही! पानं चिरून गरम पाण्यात ठेवली की जांभळं पाणी मिळतं. व्हिनेगर घातलं की ते लाल होतं, खाण्याचा सोडा घातला की निळं-हिरवं. ही करामत अँथोसायनिन या रंगद्रव्याची. त्याच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंध असतात आणि त्यांवर पसरलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाचा ठरावीक पट्टा शोषतात. आम्लात हा रेणू धनप्रभारित असतो. तो हिरवा प्रकाश गिळतो, म्हणून द्रावण लाल दिसतं. आम्लता घटली की त्याच्या हायड्रॉक्सिल गटातला प्रोटॉन सुटतो, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, शोषण जास्त तरंगलांबीकडे सरकतं आणि रंग निळा होतो. तीव्र आम्लारीत (आम्लाच्या उलट गुणाच्या, म्हणजे अल्कधर्मी द्रावणात) तर मधलं वलयच उघडतं, चाल्कोन नावाचं संयुग तयार होतं आणि पाणी पिवळं पडतं. यातलं अक्षरही विद्यार्थ्याला सांगायचं नाही. मला राहवलं नाही, इतकंच.

(‘अल्कधर्मी पाणी प्या, शरीरातलं आम्ल घालवा’ असं सांगणारे मात्र हे सगळं ऐकून घेतील तर बरं. रक्ताचा सामू, म्हणजे आम्लता मोजायचा पीएच, ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात, बाटली नव्हे.)

आता शिकवायचं कसं? एक पद्धत चांगली पारखलेली आहे. सुरुवातीला शिक्षक ‘हे काय?’ असं विचारतो आणि त्याच क्षणी स्वतःच चित्रकार्ड दाखवतो: लाल, आम्ल. चुकायला वावच नाही. काही फेऱ्यांनंतर प्रश्न आणि मदत यांच्यात चार-पाच सेकंद जाऊ देतो. त्या अवधीत विद्यार्थी स्वतःहून चित्रकार्ड उचलू लागतो. अवघड असतं ते शिक्षकाचं गप्प बसणं. मग भांडी बदलायची, द्रव बदलायचे. नाहीतर मूल आम्लाऐवजी ‘त्या पेल्यातलं पाणी’ ओळखायला शिकतं. शेवटी कधीच न पाहिलेला एखादा रंगहीन द्रव पुढे ठेवायचा. अर्थात तो निरुपद्रवी आणि पातळ केलेला, आणि चव घेऊन पाहणं नाही म्हणजे नाहीच.

एक मेख उरते. ब्लीच आम्लारिधर्मी असलं तरी कोबीच्या पाण्याचा रंगच उडवून टाकतं, त्यामुळे इथे ही चाचणी कुचकामी. त्यासाठी बाटलीवरची खूण वेगळी शिकवावी लागते: लाल चौकट, आत हातावर आणि धातूवर सांडणारा द्रव. तीही कार्डांवर, तेच चार-पाच सेकंद थांबून.