एलटीई-अ‍ॅडव्हान्स्ड

एलटीई-अ‍ॅडव्हान्स्ड हे मोबाइल दूरसंचाराच्या चौथ्या पिढीचे (४जी) मानक आहे. मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेने 'रिलीज १०' या मानकसंचाअंतर्गत २०११ मध्ये ते पक्के केले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने चौथ्या पिढीसाठी लावलेली कसोटी कडक होती: जवळपास स्थिर ग्राहकाला सेकंदाला १ गिगाबिट आणि वेगाने प्रवास करणाऱ्याला १०० मेगाबिट. मूळ एलटीईची (लाँग टर्म इव्होल्यूशन, याच मानकाची आधीची आवृत्ती) कागदावरची मजल ३०० मेगाबिटपर्यंतच जात होती. तरीही ते '४जी' म्हणून विकले गेले. काटेकोरपणे कसोटीला उतरली ती ही सुधारित आवृत्ती.

तिचा गाभा म्हणजे कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन. कॅरिअर म्हणजे डेटा वाहून नेणारी रेडिओ लहरींची वाहिनी; अशा अनेक वाहिन्या एकत्र जोडण्याचे हे तंत्र. एलटीईचा एक कॅरिअर जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. मोबाइल कंपन्यांकडे मात्र स्पेक्ट्रम (वापरासाठी मिळालेल्या रेडिओ लहरी) बहुधा वेगवेगळ्या बँडमध्ये तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला असतो. असे पाच कॅरिअर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा, एकाच फोनसाठी एकत्र वापरण्याची सोय या मानकाने केली. त्यांतला एक मुख्य. नेटवर्कशी फोनची जोडणी त्यावर टिकते, बाकीचे गरजेनुसार जोडले-सोडले जातात. दक्षिण कोरियात एसके टेलिकॉमने जून २०१३ मध्ये ८०० आणि १८०० मेगाहर्ट्झ बँडमधले १०-१० मेगाहर्ट्झ जोडून १५० मेगाबिटचा कमाल वेग देऊ केला. सलग २० मेगाहर्ट्झ हाती असते, तर साध्या एलटीईनेही तेवढाच वेग दिला असता. विखुरलेला स्पेक्ट्रम कामी आला, हे या तंत्राचे खरे यश.

जाहिरातींत वेगाचेच आकडे झळकतात. गर्दीच्या ठिकाणी प्रश्न असतो तो क्षमतेचा. त्यावर उपाय म्हणून मोठ्या टॉवरच्या हद्दीत कमी शक्तीचे छोटे सेल (लहान परिसराला सेवा देणारी छोटी केंद्रे) बसवतात. पण टॉवरच्या दणकट सिग्नलपुढे छोट्या सेलच्या कडेवरचा फोन दबून जातो. म्हणून मोठा टॉवर ठरावीक सबफ्रेममध्ये (प्रसारणाचे प्रत्येकी १ मिलिसेकंदाचे कालखंड) डेटा पाठवणे थांबवतो आणि तेवढ्या अवधीत छोटा सेल कडेच्या ग्राहकांना डेटा पोहोचवतो. टॉवरचा स्वतःचा थोडा वेळ यात खर्ची पडतो, पण गर्दीच्या भागाची एकूण क्षमता वाढते.

टॉवरकडून फोनकडे आठ अँटेनांपर्यंतच्या मायमोचीही (अनेक अँटेनांनी एकाच वेळी डेटा पाठवण्या-घेण्याचे तंत्र) तरतूद आहे. फोनच्या आकारामुळे ती क्वचितच पूर्ण वापरता येते. रिलीज १२ मध्ये २५६-क्वॅम (रेडिओ लहरींवर डेटा चढवण्याची अधिक दाट पद्धत) आले. त्यात एका चिन्हामागे सहाऐवजी आठ बिट जातात, मात्र सिग्नल अगदी स्वच्छ लागतो. रिलीज १३ पासून पुढच्या आवृत्तीला एलटीई-अ‍ॅडव्हान्स्ड प्रो म्हणतात. तीत कॅरिअरची मर्यादा ३२ झाली.