सीमाभागातली शाहिरी : 'माझी मैना'पासून पुढे

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, कारवार, निपाणी, खानापूर हा मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला गेला. सीमाभागात तो दिवस काळा दिन म्हणून पाळतात. १७ जानेवारी आणि १ जून हे हुतात्मा दिन. पहिला १९५६ च्या गोळीबाराचा, दुसरा १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या गोळीबाराचा. या दिवसांत किंवा वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात कुणी डफावर थाप मारून उभा राहिला, की त्याच्या गाण्याचा साचा बहुतेक वेळा मुंबईच्या कामगार वस्तीतून आलेला असतो. गावची लावणी आणि तमाशा हा कच्चा माल, पण घडवणारे हात शहरातले. हे नीट समजून घेतल्याशिवाय सीमाभागातला आजचा शाहीर कळत नाही.

त्या साच्यामागचं सर्वांत मोठं नाव अण्णाभाऊ साठे. १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात जन्म. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. शाळा जेमतेम दीड दिवस झाली. वडिलांबरोबर ते पायी मुंबईला आले, मिळेल ती मजुरी केली आणि पुढे माटुंग्याच्या लेबर कँपात चळवळीत शिरले. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाची सुरुवात गणाने, मग गवळण, मग वग, म्हणजे मुख्य कथानाट्य, ही जुनी रीत त्यांनी मोडली. गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आलं, गवळण गेली, आणि वगात राजा-प्रधानाऐवजी सावकार, मालक, मजूर बोलू लागले. गिरणीच्या फाटकापाशी थांबलेल्या कामगाराला मूळ मुद्दा लवकर ऐकवायचा तर ही काटछाट हवीच होती. मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा हाच ऐवज लोकनाट्य या नावाने उभा राहिला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली त्यांची 'माझी मैना' ही छक्कड सीमाभागाला इतकी जवळची का, हे तिच्या बांधणीत दिसतं. छक्कड हा लावणीच्याच कुळातला छोटा, चटपटीत चालीचा प्रकार. इथे पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं रूप, निरोपाची वेळ, मग मुंबईची श्रीमंती आणि उपासमार असं गाणं पुढे सरकतं. चळवळ येते ती नंतर. शेवटाकडे मैनेच्या ताटातुटीला खंडित महाराष्ट्राची जोड मिळते आणि बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा ही नावं येतात. ऐकणारा तोवर त्या बाईच्या दुःखात पुरता गुंतलेला असतो, म्हणून गावांची नावं नुसती यादी वाटत नाहीत. राजकीय गाणं लिहू पाहणाऱ्याने हा क्रम पाठ करावा.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि मुंबईत ही गाणी आठवणीत जमा झाली. बेळगावात तसं झालं नाही. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, सीमाभाग महाराष्ट्रात घ्या ही मागणी तिथेच राहिली. गाण्याच्या बाजूने यात एक धोका आहे. दरवर्षी त्याच तारखांना तेच शब्द म्हटले, की झीलकऱ्यांचा, म्हणजे मागे साथीला गाणाऱ्यांचा, आवाज चढतो, पण समोरचा माणूस आतून हलत नाही. पोवाड्यात आयोग, कलम, खटला क्रमांक कोंबला की चाल मोडते. एका चौकात, म्हणजे पोवाड्याच्या एका कडव्यात, एक तारीख आणि एकदोन गावं पुरेत. बाकी तपशील दोन चौकांमधल्या गद्य निवेदनात सांगावा, ते त्यासाठीच असतं.

आणि विषय इथे कमी नाहीत. शहापूर-वडगावचे मागवाले आहेत, उद्यमबागेतले कामगार आहेत. निपाणीत १९८१ चं तंबाखू आंदोलन झालं, महामार्ग अडला, ६ एप्रिलला गोळीबार झाला. बीडी वळणाऱ्या बाईवर लिहायचं तर मजुरी हजार बीड्यांमागे मिळते आणि 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या बीड्या मोजणीत धरत नाहीत, एवढं तरी माहीत हवं. त्या एका 'छाट' शब्दावर निपाणीच्या बायका माना वर करतील. 'शोषण' शब्दाने तसं होणार नाही.

याच मातीत कन्नड गीगी पदंही गायली जातात. तिथेही डफ आणि तुणतुणं, मागे 'गी गी'ची साथ, जशी आपल्याकडे 'जी जी रं जी'. आपल्याकडे शाहिरांचे कलगी-तुरा हे सवाल-जवाब करणारे दोन पक्ष, तसे त्यांच्याकडे हरदेशी-नागेशी. वाद भाषेचा असला तरी वाद्यं वाटून घेतलेली नाहीत, आणि शेजारच्या गावात जाऊन ती ठेक्याची चढउतार ऐकणं हे चांगलं शिक्षण आहे.

पथकाला पाच-सहा माणसं पुरतात. शाहीर, दोन-तीन झीलकरी, ढोलकी, आणि तुणतुणं-झांज सांभाळणारा एक. तुणतुणं आधी शाहिराच्या आवाजाला लावावं. उलटं केलं तर तिसऱ्या चौकात घसा बसतो. माईक दोनच असतील तर एक शाहिराला, दुसरा झीलकऱ्यांना, ढोलकीला नको. ती आपोआप पोचते आणि माईकवर शब्द खाते. परवानगी लेखी घ्यावी आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होणार हे धरून शेवटचा चौक साडेनऊच्या आत सुरू करावा.

सर्वांत जास्त दगा देतो तो डफ. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी हवा दमट असते, वळीव पडून गेलेला असतो. कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि थाप फुसकी निघते. कागद किंवा काडीकचरा पेटवून वीतभर उंचीवरून डफ फिरवत शेकावा, मध्ये मध्ये बोटाने टिचकी मारून आवाज बघावा. घाईने जाळाला टेकवला तर कातडं कडेला, खोडाला, म्हणजे डफाच्या गोल कड्याला, चिकटवलेल्या जागी फाटतं आणि कार्यक्रम तिथेच संपतो. शेकलेला डफ अशा हवेत थोड्याच वेळात पुन्हा उतरतो, म्हणून दोन डफ ठेवावेत. एक वाजत असताना दुसरा शेकायला. कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं पान लावलेला डफ ओलीला दाद देत नाही, पण त्याचा आवाज कोरडा आणि चिरका. माईकवर चालून जातो, चौकातल्या उघड्या सभेत नाही.